चार ठिकाणांचं ड्रिल

२ नोव्हेंबर

आज नवी डायरी काढली, कारण यात्रेचं एकदाचं ठरलं. हिची इच्छा फार जुनी. बुद्ध जन्मले ते ठिकाण, त्यांना ज्ञान झालं ते, पहिला उपदेश केला ते आणि देह ठेवला ते, अशी चार ठिकाणं एकदा डोळ्यांनी बघायची. त्यातही शेवटचं. तिथे बुद्धांची निजलेली मोठी मूर्ती आहे, आणि तिचा चेहरा हिला जवळून बघायचा आहे. लग्न झाल्यापासून मी हे ऐकतो आहे. सकाळी चहा पिताना ही म्हणाली, यंदा नाही तर मग राहिलंच. मी म्हटलं, यंदाच जाऊ, आठवड्याचा तर प्रवास, पण जायचं तर पद्धतशीर जायचं.

मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. सबंध नोकरीत दर महिन्याला आगीचं ड्रिल घेतलं. भोंगा झाला की माणसं हातातलं टाकून रांगेने बाहेर, मैदानात हजेरी, मग माझी शिट्टी आणि सगळे परत कामावर. खरी आग एकदाच लागली, आणि तीही सुट्टीच्या दिवशी, त्यामुळे ती मी धरत नाही. मुद्दा असा की ड्रिल घेतल्याशिवाय माणसाने काही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. परमुलखात जाऊन पहिल्यांदा गोंधळ घालण्यापेक्षा तो आधी घरी घालून मोकळं व्हावं.

हिला कल्पना सांगितली. ही काही बोलली नाही, म्हणजे पटली असावी.

५ नोव्हेंबर

घराची आखणी केली. झोपायची खोली हे जन्मस्थान. गॅलरीत रबराच्या झाडाची कुंडी आहे, तिथे ज्ञान. पहिला उपदेश स्वयंपाकघरात, कारण आमच्याकडे सगळे उपदेश तिथेच होतात. बाहेरच्या खोलीतला सोफा हे शेवटचं ठिकाण. मधल्या पॅसेजमधून गाडी धावेल.

मूर्तीसाठी मेहुण्याला बोलावलं आहे. हिचा हा धाकटा भाऊ गाद्यांच्या दुकानात विक्रेता आहे. गिऱ्हाइकासमोर गादीवर आडवं होऊन दाखवणं हा त्याच्या कामाचाच भाग, तेव्हा या भूमिकेला त्याच्याइतका अनुभवी माणूस मिळणार नाही. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आडवं व्हायला मला कधीही हाक मारा."

८ नोव्हेंबर

पहिलं ड्रिल झालं. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या पॅसेजमध्ये एकामागे एक मांडून गाडी केली. ही खिडकीशी बसली, म्हणजे भिंतीशी. जन्मस्थान सुरळीत पार पडलं. गॅलरीत झाडाखाली शांत बसायचं होतं, तर मेहुण्याने विचारलं की ज्ञान झालं हे कळवायचं कसं, हात वर करायचा का. मी म्हटलं, कर. त्याने लगेच केला. असल्या माणसांमुळे वेळापत्रक कोलमडतं.

सोफ्यावर तो उजव्या कुशीला वळला, हात उशाला घेतला, मी वरून चादर घातली. आडवा झाला तो खरंच झोपला. ही स्टूल ओढून अगदी जवळ बसली आणि मान तिरकी करून बघत राहिली. मग हात पुढे करून तिने त्याच्या कपाळावरून, नाकावरून हळूच बोटं फिरवली. मूर्तीला हात लावू देत नाहीत, असं मी तिला सांगितलं, तशी ती मागे सरकली. भावाचा चेहरा एवढा काय बघायचा, लहानपणापासून बघते आहे. तेवढ्यात मूर्ती घोरायला लागली आणि मला शिट्टी द्यावी लागली. मेहुणा दचकून उठला आणि त्याचं डोकं टीपॉयवर आपटलं.

शिट्टीची तक्रार करायला वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई खाली आल्या. मोठ्या इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या, आवाज करडा. त्यांनी आधी मेहुण्याचं टेंगूळ बघितलं, मग मला बोल बोल बोलल्या, मग हिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसून विचारलं की ही गाडी कुठे जाते. हिने सांगितलं. नर्सबाई पुढचा सगळा प्रवास बसून राहिल्या.

दोष: सामान घेतलं नव्हतं. प्रथमोपचार पेटी नव्हती. मूर्ती घोरते. प्रवासाची तारीख आत्ताच ठरवणं धोक्याचं आहे.

१२ नोव्हेंबर

हिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दर तीन महिन्यांनी जावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्याचा मधला भाग विरत चालला आहे, दोन्ही डोळ्यांत, पण कडा शाबूत राहतील. मला हायसं वाटलं. माणूस कडेकडेनेच चालतो, रस्त्याच्या मधून कोण जातं. घरी येताना टॅक्सीत हे हिला समजावून सांगितलं. ही खिडकीबाहेर बघत होती, तिने मान हलवली.

१६ नोव्हेंबर

दुसरं ड्रिल. बॅगा घेतल्या, पेटी घेतली, नर्सबाईंना अधिकृतपणे प्रथमोपचार विभाग दिला. मेहुण्याच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावून पाहिला, पण त्याने मूर्तीची शोभा जाते.

पॅसेज अपुरा पडतो म्हणून गाडी लिफ्टमध्ये हलवली. प्रत्येक मजला एक स्टेशन. दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ कपडे धुण्याचं यंत्र घेऊन चढायला लागले. मी त्यांना अदबीने सांगितलं की राखीव डब्यात अवजड सामान चालत नाही. ते म्हणाले, मी इथे राहतो. मी म्हटलं, सगळेच कुठे ना कुठे राहतात. वादावादीत लिफ्टचं दार चार वेळा उघडलं आणि मिटलं, तोवर नर्सबाईंनी त्या गृहस्थांची नाडी बघून त्यांना पाणी पाजलं. अखेर ते यंत्रासकट आमच्याबरोबर गच्चीपर्यंत आले आणि उतरताना म्हणाले की प्रवास बरा झाला.

एक वेगळी गोष्ट टिपून ठेवतो. हल्ली ही माझ्याशी बोलताना माझ्याकडे सरळ बघत नाही. कानाकडे बघते. चहासुद्धा कपात ओतताना अर्धा बशीत जातो, लक्ष दुसरीकडेच. रुसली असावी. कशावरून ते विचारायचा धीर होत नाही, कारण मग ती सांगेल.

२० नोव्हेंबर

हिने नवे बूट घेतले, चालण्याचे. दिवसभर घरात घालून हिंडते. मी म्हटलं, इतक्यात कशाला, अजून तारीख कुठे आहे. ही म्हणाली, पायांचं ड्रिल चाललंय. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाचा एक तरी शब्द तिने उचलला.

संध्याकाळी मात्र गॅस पुसता पुसता तिने विचारलं, "आणि अहो, ड्रिल कधीच बिनचूक झालं नाही तर?"

मी म्हटलं, तर केवढ्या गोंधळातून वाचलो असं समजायचं. ही पुन्हा पुन्हा तोच ओटा पुसत राहिली.

२३ नोव्हेंबर

तिसरं ड्रिल मीच पुढे ढकललं. त्याचं कारण निदान डायरीत तरी खरं लिहावं. मला भीती वाटते. घरात रात्री दिव्याशिवायही मला बाथरूम सापडतं. तिथे काय असेल, जिने किती उंच, गर्दी कुठून येईल, हिचा हात सुटला तर मी कोणाला हाक मारायची, हे काही सांगता येत नाही. कारखान्यात निदान दारं कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. निवृत्त झाल्यापासून मी बाजाराच्या पलीकडे गेलेलो नाही, आणि मला कोणी त्याबद्दल विचारलेलंही नाही. हिला दिसेनासं होईल हा विचार मी मनात येऊ देत नाही. तो आला की मला शिट्टी नीट फुंकता येत नाही.

२८ नोव्हेंबर

आज कमाल झाली. पुढच्या ड्रिलची कल्पना हिनेच मांडली. म्हणाली, लिफ्ट पुरे झाली, आता स्टेशनवर जाऊ. खऱ्या गाडीत, खऱ्या जागेवर, सामानासकट बसायचं, आणि गाडी सुटायच्या आधी तुमच्या शिट्टीवर खाली उतरायचं. गाडी सुटायच्या आधी उतरणं म्हणजेच तर सुरक्षितता! मी इतका खूश झालो की उठून दोन फेऱ्या मारल्या. माझ्या डोक्यात हे कसं आलं नाही?

मेहुणा म्हणाला, तिकिटांचं माझ्याकडे लागलं, खरी तिकिटं काढतो, नाहीतर डब्यात बसू देत नाहीत. मी म्हटलं, उतरायचंच आहे तर खरी कशाला, पैसे फुकट जातील. तो म्हणाला, "जाऊ देत भाऊजी, ताईसाठी आहे." मनाचा मोठा आहे. अक्कल बेताची.

नर्सबाईही येणार. त्यांनी बॅग भरून ठेवली आहे, स्वेटरसकट. ड्रिल इतकं मनावर घेणारी माणसं मला कारखान्यात मिळाली असती तर मी पदक घेऊन निवृत्त झालो असतो.

१ डिसेंबर

मुलीचा फोन आला. दुसऱ्या शहरात असते, एरवी आईशीच बोलते. आज मला म्हणाली, "बाबा, तुम्ही पण बॅग नीट भरा हां. गरम कपडे घ्या." मी हसलो. म्हटलं, अगं दहा मिनिटांचं ड्रिल, गरम कपडे कशाला, माझ्या बॅगेत वजनासाठी वर्तमानपत्रं भरली आहेत.  ती म्हणाली, आईला द्या.

त्या दोघी बराच वेळ बोलल्या. ही मधेच एकदा म्हणाली, "विचारून बघितलं गं, किती वेळा विचारायचं." कोणाबद्दल ते कळलं नाही. शेजाऱ्यांबद्दल असेल.

४ डिसेंबर

जे झालं ते क्रमाने लिहितो.

टॅक्सीने स्टेशनवर वेळेच्या आधी पोचलो. फलाट स्वच्छ, गाडी लागलेली. ही, नर्सबाई आणि मी डब्यात चढलो. मेहुणा बॅगा वर ठेवून खाली उतरला आणि बाकावर बसून लगेच पेंगायला लागला. हिची जागा खिडकीशी, समोर नर्सबाई, हिच्या शेजारची जागा माझी. हिने सीटच्या पाठीवरून, खिडकीच्या कडेवरून हात फिरवला. मी म्हटलं, आता डोळे मिटून दोन मिनिटं प्रवास झाला असं समजा. ही म्हणाली, "तुम्ही जरा बसा ना." मी बसलो. हिने माझा हात धरला. ते कार्यक्रमात नव्हतं, पण मी तो सोडवला नाही.

मग वेळ झाली. मी उठलो, माझी बॅग घेतली, नियमाप्रमाणे आधी स्वतः उतरून दारापाशी उभा राहिलो आणि शिट्टी दिली. अनोळखी सात-आठ प्रवासी धडाधड खाली उतरले. ही उतरली नाही. नर्सबाई उतरल्या नाहीत. मी खिडकीशी धावत गेलो आणि म्हटलं, अगं शिट्टी झाली.

ही खिडकीतून माझ्या कानाकडे बघत म्हणाली, "मी जाऊन येते. तुम्ही चढता का? अजून दार उघडं आहे."

मी म्हटलं, ड्रिलमध्ये हे नाही.   इतकी वर्षं लोकांना बाहेर काढण्यात गेली, आत कसं शिरायचं याचा मी कधी विचारच केलेला नव्हता.

माझ्या शिट्टीवर गाडी सुटली असं मी म्हणणार नाही, कारण गार्डचीही तेव्हाच वाजली. उतरलेले सात-आठ जण पळत पळत पुन्हा चढले आणि मला काय वाटेल ते बोलून गेले. ती हात हलवत होती, पण मी उभा होतो त्याच्या बरीच डावीकडे बघून. मी तिकडे सरकलो, म्हणजे तिचा हात मला लागू पडेल.

मेहुण्याला उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "गेली का ताई? तुमचीपण जागा काढली होती, भाऊजी. खरी."

५ डिसेंबर

घर फार मोठं आहे. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

वर्तमानपत्रांची बॅग उघडली आणि जुन्या बातम्या वाचत बसलो. रागावलो आहे. कोणावर, ते अजून नक्की नाही. लिफ्टमध्ये कपडे धुण्याच्या यंत्राचे गृहस्थ भेटले, त्यांनी विचारलं की पुढची गाडी कधी. मी जिन्याने गेलो.

संध्याकाळी तिचा फोन आला. वाटेत आहोत, नर्सबाईंनी सगळा डबा तपासून काढला, एका आजोबांचा रक्तदाब सापडला. माझ्यासाठी फ्रीजमध्ये तीन दिवसांचं करून ठेवलं आहे. मी विचारलं, शिट्टी ऐकू आली होती ना? ती म्हणाली, हो, स्पष्ट.

६ डिसेंबर

ती आज जन्मस्थानी असणार, म्हणून सकाळी अंघोळ करून झोपायच्या खोलीत जाऊन बसलो. खुर्ची नेली होती. काही वेळ बरं वाटलं. मग मेहुणा आला आणि म्हणाला, मी आडवा होऊ का? मी म्हटलं, अजून तुझं ठिकाण आलं नाही. तरीही तो झाला.

८ डिसेंबर

गॅलरीत रबराच्या झाडापाशी बसलो होतो तेव्हा फोन आला. तीही झाडाखालीच बसली होती, खऱ्या. म्हणाली, तुमच्या झाडापेक्षा मोठं आहे हो, आणि वर केवढी सळसळ, पानं गळून अंगावर पडतात. मी म्हटलं, आमच्याकडे पानगळ नाही, मी रोज पुसतो. ती हसली. मग म्हणाली, इथे एवढी माणसं आहेत पण आवाज नाही.

मी धीर केला. म्हटलं, तू माझ्यावर रुसलीस का? किती दिवस माझ्या तोंडाकडे बघत नाहीस, कानाकडे बघतेस.

 मला त्या झाडाची सळसळ ऐकू येत होती.

"अहो, समोर बघितलं की तुमच्या तोंडाच्या जागी नुसता धूर दिसतो. कानाकडे बघितलं की मग तोंड जरा येतं नजरेत. मी तुम्हालाच बघत असते."

मी रबराच्या झाडाचं एक पान पुसत राहिलो. 

मग ती म्हणाली की परवा शेवटच्या ठिकाणी पोचू. मूर्ती मोठी आहे, पाय दिसतील, चादर दिसेल, कडा सगळ्या दिसतील. चेहऱ्याचं बघू काय होतं ते. नर्सबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, डोळ्यांना सूज नाही. त्यांना बाकी काही सांगता येत नाही. एवढं बोलून तिने विचारलं की फ्रीजमधलं संपलं का.

फोन ठेवल्यावर मी कुंडीपाशी मोठ्याने रडलो. मेहुणा आतून धावत आला आणि त्याने विचारलं, ज्ञान झालं का, भाऊजी? मी हात वर केला.

८ डिसेंबर, पुन्हा

गाडीत आहे. अक्षर हलतं आहे, त्याला इलाज नाही. मेहुण्याने तिकीट काढलं, माझी बॅग उलटी करून वर्तमानपत्रं जमिनीवर ओतली आणि हाताला येतील ते कपडे भरले. बघितलं तर त्यात हिचे दोन ब्लाउज आणि सोफ्याची चादर आहे. शिट्टी घरी राहिली.

कुठलंही ड्रिल न घेता आलो आहे. बाथरूम कुठे आहे ते मला माहीत नाही. पहिल्याच स्टेशनवर गार्डने शिट्टी दिली आणि मी सवयीने खाली उतरलो. फलाटावर उभं राहिल्यावर लक्षात आलं, तेव्हा चालत्या गाडीचा दांडा धरून चढलो, जे मी आयुष्यभर लोकांना करू दिलं नाही. आता तळहातावर पेनने लिहून ठेवलं आहे: उतरायचं नाही. समोरच्या बाईंनी ते वाचलं आणि आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं.

१० डिसेंबर

मंदिराच्या दाराशी त्या दोघी दिसल्या. मी हाक मारली नाही. समोर जाऊन उभा राहिलो, मग जरा डावीकडे सरकलो, म्हणजे माझा कान तिच्या नजरेसमोर येईल. तिने पाहिलं.  मग म्हणाली, "ड्रिल झालं का?" मी म्हटलं, नाही. नर्सबाईंनी माझी नाडी बघितली आणि जोरात चालली आहे असं सांगून त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

आत गेलो. मूर्ती खरोखर फार मोठी आहे. उजव्या कुशीवर, हात उशाला, अंगावर पिवळं वस्त्र. हिचा हात माझ्या हातात होता. पायांपासून सुरुवात करून आम्ही कडेकडेने पुढे सरकलो. पाय तिला दिसले, वस्त्राच्या चुण्या दिसल्या, खांदा दिसला. चेहऱ्यापाशी आल्यावर तिने मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूने केली, मग तशीच उभी राहिली.

"कसे दिसतात हो?"

मी म्हटलं, तुझ्या भावासारखेच निजलेत, फक्त घोरत नाहीत. ही मोठ्याने हसली. इतकी हसली की लोकांनी वळून बघितलं, आणि एका भिक्षूंच्या चेहऱ्यावरही हसू आलं. मग तिने डोळे पुसले, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आता नीट सांगा."

मी कपाळापासून सुरुवात केली.